दीक्षाभूमीवर कॅमेरा घेऊन निघालेल्या लेकीस

सेलू, जि. वर्धा

चि. प्रज्ञा,
जय भीम.

यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर फोटो काढायला जाणार म्हणतेस, आणि विचारतेस की इतिहासात राहिलेले फोटो नशिबानं मिळतात का. थोडं नशीब असतंच, पोरी. पण ते फोटो जरा वेळ देऊन पाहा. उजेड, शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते) आणि फोटोखालच्या चार ओळी, यांवरच बरंचसं ठरलेलं असतं.

आधी उजेड. सेवाग्राम तर आपल्या शेजारचं. तिथं बापूंचे नातू लागणारे कनू गांधी यांना फोटोची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश मारायचा नाही, बापूंना असे बसा, तसे बसा म्हणायचं नाही आणि आश्रमाकडून पैसे मागायचे नाहीत. हातात रोलायफ्लेक्स, एका रोलमध्ये 12 फोटो, फिल्म मंद, कुटीत उजेड कमी. शटर सावकाश ठेवावं लागे. म्हणून काही फोटो हललेले, दाणेदार आहेत. तरी मला ते आवडतात, कारण त्यांत कुणी कॅमेऱ्यासाठी बसलेलं दिसत नाही.

अमेरिकी फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट हिचा 1946 मधला चरख्याचा फोटो याच्या उलट. खोली अंधारी, उजेड खिडकीतून येणारा, म्हणून फ्लॅश हवाच. आणि मुभा तीनच बल्बांची. तेव्हाचा बल्ब एकदा पेटला की संपला. पहिला वाया गेला, दुसऱ्या वेळी फिल्मपुढची डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी पट्टी, ओढायची राहिली, तिसऱ्यानं साधलं. नीट बघ, बापू त्यात सूत कातत नाहीत, वाचत आहेत. चरखा पुढं, मोठा घेतला म्हणून आपण सूतकताईचा फोटो समजतो. कॅमेरा कुठं ठेवला यानं अर्थ बदलतो तो असा.

तू मात्र फ्लॅश घरीच ठेव. छोटा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडं पुरत नाही. पुढचा चेहरा पांढराफटक आणि मागं काळोख. म्हणजे गर्दीच गायब, आणि तिथं तर गर्दीच महत्त्वाची. संध्याकाळी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200, शटर 1/125 सेकंद. दाणे आले तर येऊ दे.

दुपारी वेगळीच पंचाईत. चौफेर पांढरे कपडे असले की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, पांढऱ्याला करडं करायला जातं आणि चेहरे काळे पडतात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), पण हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटू देऊ नको. लुगड्याच्या घड्या पुसल्या गेल्या की परत येत नाहीत. बारा ते तीन ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेव्हा सावलीतली माणसं घे. 35 मिमीची लेन्स, तिचं तोंड (ॲपर्चर) एफ/8. चालत्या माणसाला 1/250, उंचावलेल्या हातांना 1/500.

लांबची लेन्स लावलीस तर 5 जून 1989 ची बीजिंगची गोष्ट ध्यानात असू दे. रणगाड्यांपुढं उभा राहिलेला माणूस फोटोग्राफर जेफ वायडनरनं हॉटेलच्या सहाव्या मजल्यावरून टिपला. 400 मिमीच्या लेन्सला डबलर (लांबी दुप्पट करणारी जोड-लेन्स) जोडलेला, म्हणजे 800 मिमी. त्याला हातानं धरून निदान 1/800 शटर लागतं. रोल संपला होता, मागून आणलेली फिल्म 100 आयएसओची निघाली, म्हणून शटर फार सावकाश पडलं. सगळं हलून जायला हवं होतं, एक फोटो वाचला. असल्या वाचण्याच्या भरवशावर राहू नको. लेन्स कशाला तरी टेकव आणि एकाऐवजी पाच-सहा फोटो लागोपाठ घे.

आता नावं, ज्यात सगळे आळस करतात. 23 फेब्रुवारी 1945 ला फोटोग्राफर जो रोझेंथालनं जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणारे सहा अमेरिकी सैनिक टिपले, शटर 1/400. नावं टिपली नाहीत. चेहरे बहुतेक झाकलेले. युद्ध संपल्यावर एक नाव बदलावं लागलं, मग 2016 ला दुसरं, 2019 ला तिसरं. तेही त्याच वेळच्या चलचित्राशी आणि इतर फोटोंशी ताडून. वर तो फोटो ठरवून काढला असा बोभाटा झाला. त्यानं नंतर सैनिकांचा एक गट मुद्दाम उभा करून टिपला होता. "ठरवून काढला का?" या प्रश्नाला तो त्या फोटोसाठी हो म्हणाला, लोकांनी ते झेंड्याला लावलं.

आपल्याकडंही 14 ऑक्टोबर 1956 चे फोटो घरोघरी आहेत. बाबासाहेब ओळखू येतात, पण मागच्या आयाबायांची, म्हाताऱ्यांची नावं कुणी लिहिली?

म्हणून खिशात वही ठेव. नाव, गाव, तालुका आणि फोटोचा नंबर, जागच्या जागी लिही. रात्री आठवून लिहिलेलं चुकतं. नाव सांगायचं नसेल तर आग्रह करू नको. निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळव, नाहीतर वहीतल्या वेळा कामाच्या राहत नाहीत. महत्त्वाच्या फोटोच्या मागचे-पुढचे फोटो पुसू नको. उद्या कुणी शंका घेतली तर तेच साक्षीला येतात.

रॉ फाइलीत (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) काढ, दोन कार्डं ने, बॅटऱ्या तीन. त्या रात्रीच फाइली दोन ठिकाणी उतरव, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नको.

तुझे,
बाबा