नैरोबीच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काकांस,

सादर नमस्कार.

केनियातल्या मसाईमारा अभयारण्याहून परतल्यावर आपल्या घरी ठेवलेली मोठी सुटकेस न्यायला आम्ही आलो, तेव्हा मी आभाराचा शब्द काढताच आपण तो मध्येच तोडलात आणि "ते राहू दे, गाडीचं छप्पर नीट उघडत होतं ना, ते सांग," असे विचारलेत. विमानाची वेळ होत आल्यामुळे बोलणे तेवढ्यावरच राहिले. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिण्याचे कारण असे, की जून उजाडला की इकडचे कोणी ना कोणी फोन करून आपल्याला तेच ते प्रश्न विचारत असते, हे काकूंनी हसत हसत सांगितले होते. त्यांतल्या काहींना तरी उत्तरे येथेच सापडावीत.

सर्वांत मोठे आभार मानायचे आहेत ते आपण लाल शाईने खोडलेल्या कागदाबद्दल. एका प्रवास कंपनीने आम्हाला सात रात्रींत नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाईमारा असे पाच मुक्काम आखून दिले होते, आणि इतके सगळे एका खर्चात होते म्हणून आम्ही खूशही होतो. आपण मात्र दोन मुक्काम सरळ काढून टाकलेत आणि समासात लिहिलेत, "अर्धी सहल रस्ता पाहण्यात जाईल." अंबोसेलीत दोन रात्री, नैरोबीत एक आणि मारात सलग चार. नाकुरूचे फ्लेमिंगो हुकणार म्हणून माझे यजमान थोडे हिरमुसले होते. पण नाकुरू तळ्याचे पाणी गेल्या काही वर्षांत इतके वाढले आहे, की पूर्वीचे ते गुलाबी थवे बरेचसे दुसऱ्या तळ्यांकडे गेले आहेत, हे आपल्याकडून कळल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

त्या चार रात्रींचे मोल मारा नदीवर कळले. पहिल्या दिवशी नदी ओलांडू पाहणारा विल्डबीस्टचा, म्हणजे गाईएवढ्या रानटी हरणांचा, कळप काठापर्यंत आला, दोन तास तेथेच धूळ उडवत राहिला आणि मागे फिरला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच "आज नको" म्हणाला. तिसऱ्या दिवशी सव्वा तास वाट पाहिल्यावर एक झेब्रा एकटाच पाण्यापर्यंत उतरला, त्याने पाणी हुंगले आणि तो पुन्हा वर चढला. आणि आम्ही त्याच्याकडे पाहत असतानाच नदीच्या वरच्या अंगाला, झुडपाआड, भलत्याच ठिकाणाहून प्राण्यांनी उड्या टाकायला सुरुवात केली. आम्हाला ते निम्मेच दिसले. सासूबाईंना तर पाण्याबाहेर येणाऱ्या माना तेवढ्या दिसल्या. तरीही "गाडी पुढे घ्या" असे आमच्यापैकी कोणी म्हटले नाही, कारण आपण तंबीच दिली होती: गाड्या काठाशी घुसल्या की कळप बिचकतो, अभयारण्यात आखलेला रस्ता सोडला तर दंड होतो, आणि पाहुण्यांच्या हट्टापायी बोलणी ड्रायव्हरला खावी लागतात. शेजारच्या एका गाडीतील मंडळींचा तो मारातला एकुलता एक दिवस होता. ती माणसे दहा मिनिटे आधीच निघून गेली होती.

खर्चाचा हिशेबही आपण आधीच मांडून दिलात, हे बरे झाले. मसाईमाराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ प्रवाशाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडते. चार जणांच्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो. कळपांचे स्थलांतर साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असते, म्हणून आम्ही ऑगस्ट निवडला. मात्र ज्यांना सिंह, हत्ती, जिराफ पाहण्यातच समाधान आहे, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावे, हे आपले मत मला आता पुरते पटले आहे.

लसीच्या बाबतीत तर आपण फोनवर जवळजवळ रागावलाच होतात. आम्ही तिकिटे काढून बसलो होतो आणि पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही, ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते; प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, आणि ते नसेल तर केनियाहून भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. सासूबाईंचे वय ६७. साठीपुढच्या माणसांना ही लस डॉक्टरांनी विचार करूनच द्यायची असते, म्हणून त्यांची तपासणी वेगळी झाली. मलेरियाच्या गोळ्यांचेही आपण सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांकडूनच लिहून घेतले. व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज आम्ही केनिया सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर केला.

सामान भरताना घरात जे रामायण घडले, ते आपल्यापर्यंत पोहोचले नसेल. सासूबाईंनी चिवडा, भाकरवडी आणि थेपले प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवले होते. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे आणि अभयारण्यांत २०२० पासून पाण्याच्या, एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत, हा आपला निरोप आदल्या रात्री आला. मग सारे काही स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत गेले. यजमानांनी हौसेने आणलेली लष्करी छापाची पँट पुण्यातच राहिली, कारण तेथे सामान्य माणसाने तसले कपडे घालणे बेकायदा आहे. माझे दोन गडद निळे कुडतेही चावऱ्या त्सेत्से माश्यांना निळा आणि काळा रंग खेचून घेतो म्हणून मागे राहिले. स्वेटर मात्र आपण म्हणालात म्हणून घेतले. आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने घेतले नसते, तर दीड हजार मीटरच्या उंचीवर पहाटे सहाला उघड्या छपराच्या गाडीत काय अवस्था झाली असती!

आपल्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच: छप्पर नीट उघडत होते. प्रत्येकाला खिडकीची जागा मिळेल आणि उभे राहून पाहता येईल अशीच लँडक्रूझर घ्या, हा आपला आग्रह खर्चिक वाटला होता. पण अंबोसेलीत पहाटे ढग येण्याआधी किलिमांजारो दिसला, तेव्हा चौघेही एकाच वेळी उभे होतो आणि कोणाचे डोके कोणाच्या आड येत नव्हते. नारोक गावामार्गे माराला जाताना पाच-सहा तासांच्या प्रवासात सासूबाईंची कंबर धरलीच, पण परतीला नैरोबीच्या विल्सन विमानतळापर्यंतचे छोटे विमान आधीच ठरवले होते, तेही आपल्याच सांगण्यावरून. माणशी १५ किलो, हातातल्या पिशवीसह, आणि बॅग मऊच हवी. मोठी सुटकेस आपल्याकडे ठेवण्याचे कारण तेच. तीन चौकोनी पिनांचा प्लग आणि कोऱ्या, नव्या छपाईच्या डॉलरच्या नोटा या दोन गोष्टी आपण सांगितल्या होत्या म्हणूनच जवळ होत्या. आमच्याकडची एक जुनी नोट नैरोबीत कोणी घेतली नाही, ती तशीच परत आली.

काकूंचे दोन उपकार वेगळे. जंगलात बाईमाणसाची अडचण झाली, तर ड्रायव्हरला "टायर तपासायचा आहे" एवढेच सांगायचे, तो सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवतो, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. सासूबाईंनी तो वाक्प्रचार सहलीत तीनदा वापरला आणि आता त्या पुण्यातही वापरतात.

दुसरा उपकार पिशवीचा. कॅमेरा टेकवायला जुन्या जीन्सची रिकामी पिशवी शिवून आणा आणि राजमा येथे भरा, असे त्यांनी सुचवले. आपल्या गल्लीतल्या 'दुका'त, म्हणजे दुकानातच, दोन किलो घेतला. विमानाच्या वजनात तो बसेना, म्हणून शेवटच्या सकाळी ड्रायव्हरला दिला. तो मनापासून हसला आणि बक्षिसीच्या पाकिटाबरोबर तोही घरी घेऊन गेला. पिशवी आपल्या बाहेरच्या खोलीतील खुर्चीवर राहिली आहे. ती पुढे जो कोणी येईल त्याला द्यावी. फक्त एका बाजूची शिवण उसवली आहे, तेवढी काकूंनी घालून घ्यावी.

आपली नम्र,
आपल्या पुतणीची मैत्रीण, पुणे