बाबा, आम्हाला आणायला तुम्ही येऊ नका

आई, बाबा,

काल फोनवर बाबांनी परत तोच विषय काढला आणि इकडे छोटू रडत होता म्हणून मला नीट बोलता आलं नाही, आत्ता दोघं झोपलेत तर सगळं सविस्तर टाइप करते. बाबा, तुम्ही फक्त आम्हाला सोबत म्हणून न्यूयॉर्कला येणार, आठ दिवस राहणार आणि आमच्याबरोबर परत साताऱ्याला जाणार, हे नको. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने पण झाले नाहीत, त्यात इतके तास पाय दुमडून बसायचं आणि तेही आठ दिवसांत दोनदा, पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते अशा प्रवासात. तुम्ही म्हणता तू एकटी कशी येणार, तर मी एकटी येत नाहीये, तेच सांगायचंय.

पण आधी एक गोष्ट सांगते जी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. चिऊ १४ महिन्यांची असताना मी तिला एकटीने घेऊन आले ना, मुंबईला बाहेर हसत आले आणि आई तू म्हणालीस किती सुकलीस गं. मी त्या फ्लाइटमध्ये नऊ तास पाणीच प्यायले नव्हते, बाथरूमला जायला लागू नये म्हणून, कारण चिऊला कोणाकडे देणार? एकदा एअर होस्टेसला विचारलं पाच मिनिटं धरता का तर ती बिचारी गोड आवाजात म्हणाली की आम्हाला बाळ सांभाळायला घेता येत नाही. मला तेव्हा खूप रडू आलं. नंतर विचार केला तर तिचंही बरोबर होतं, त्यांचं मुख्य काम सगळ्यांची सुरक्षा बघणं, अचानक काही झालं तर तिचे हात मोकळे हवेत. मध्ये विमान बदलताना स्ट्रोलर गेटवर मिळेल असं सांगितलेलं, ती थेट मुंबईला गेली आणि मी ११ किलोची पोर कडेवर, पाठीवर बॅग घेऊन ते एवढं मोठं टर्मिनल चालले. दुसऱ्या फ्लाइटमध्ये मागच्या सीटवरच्या एक गुजराती आजी न विचारता म्हणाल्या, लाओ बेटा, मुझे दो, तुम खाना खाओ. त्यांचं नाव पण विचारायचं राहिलं, पण अजून त्यांची आठवण आली की डोळे भरतात.

तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी मदत आधी ठरवूनच निघायचं, विमानात कोणीतरी भेटेल या भरवशावर नाही.

बाबा, तुम्ही तो विमानातल्या नॅनीचा, म्हणजे मुलांकडे बघणाऱ्या बाईचा मेसेज फॉरवर्ड केला होता ना, ते खरं होतं, पण आता ती असतेच का हे मला नक्की माहीत नाही. एतिहाद या अबू धाबीच्या विमान कंपनीने २०१३ मध्ये ते सुरू केलं, इंग्लंडच्या नॉरलँड कॉलेजकडून क्रूला ट्रेनिंग दिलं, ते कॉलेज १८९२ पासून नॅनी तयार करतंय. नारंगी एप्रन घातलेली बाई मुलांना कागदाच्या वस्तू करून दाखवायची, जादूचे खेळ करायची, दुधाची बाटली भरून आणायची. पण ती अख्ख्या विमानातल्या मुलांसाठी असायची, आपलं बाळ तासन्‌तास मांडीवर घेऊन बसायला नाही. त्यामुळे त्याच्यावर विसंबून मी तिकीट काढलेलं नाही.

आता खरी बातमी. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचे आई-वडील, ठाण्याचे काका-काकू, सहा महिने नातवाला सांभाळायला आले होते, ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात परत चाललेत. काकूंना विमान बदलायचं फार टेन्शन, कुठल्या गेटला जायचं, कोणी इंग्लिशमध्ये काही विचारलं तर काय सांगायचं. मैत्रीण म्हणाली तू असशील तर आम्ही निर्धास्त, मी म्हटलं काकू असतील तर मी निर्धास्त. आम्ही सगळ्यांनी एकाच फ्लाइटची तिकिटं घेतली, अबू धाबीमार्गे, पहिला टप्पा साडेबारा तासांच्या आसपास आणि पुढे मुंबई तीन तास. काकांना व्हीलचेअर सांगितलीय त्यामुळे तिथे वाट दाखवायला माणूसही बरोबर असेल. काकू गेले तीन रविवार मुद्दाम आमच्याकडे येऊन बसतात, छोटूला त्यांचा वास, आवाज ओळखीचा व्हावा म्हणून, आता तो त्यांच्या खांद्यावर झोपतो सुद्धा. चिऊ तर त्यांना ठाण्याची आजी म्हणते (आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, साताऱ्याची आजी एकच आहे).

छोटूसाठी पुढच्या भिंतीला लावतात तो पाळणा फोन करून मागून घेतलाय, छोटू आठ किलोच्या आत आहे त्यामुळे वजनाचा प्रश्न नाही. पण तिथलं एक असतं, सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, आणि त्या रांगेत टेबल हाताच्या दांड्यात असतं म्हणून दांडा वर होत नाही, चिऊला आडवं होता येणार नाही. म्हणून चिऊ आणि काकू मागच्या रांगेत, मी आणि छोटू पुढे. उतरताना त्याला दूध पाजायचं, गिळत राहिलं की कानाला दडे बसत नाहीत, तेव्हा चिऊकडे बघायला काकू आहेत. तुमचे जावई ऑगस्टमध्ये येतील, त्याआधी सुट्टी नाहीच, मुलांना मी एकटी नेतेय म्हणून त्यांनी संमतीपत्र नोटरी करून दिलंय.

बाबा, तुमची सोबत मला हवीच आहे, पण साताऱ्यात हवी. छोटूला रोज सकाळी बागेत न्यायचंय तुम्ही, चिऊला साडेनऊ तासांच्या फरकाने पहिले चार दिवस पहाटे तीनला जाग येईल तेव्हा तिच्याशी गप्पा मारायच्यात, तुम्हीही तेव्हा उठलेलेच असता.

तर तिकीट बघणं थांबवा. मुंबईला गाडी पाठवताना मोठी पाठवा, काका-काकूंना आधी ठाण्याला सोडायचंय आणि सामान खूप आहे. तुम्ही दोघांनी रात्रीचा प्रवास करून यायची गरज नाही, आणि आई, तू ऐकणार नाहीस आणि येशीलच हे माहितीये, तर येताना काकूंसाठी एक किलो कंदी पेढे आण.

तुमची,
ताई