तुमच्या "ई20 सेफ" पेट्रोल कॉकबद्दल तक्रार: ऑफ केला तरी गळतोय, आणि तुम्ही दिलेलं उत्तर मला मान्य नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

यामाहा आरएक्स 100 मोटरसायकलसाठीचा तुमचा पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) मी ऑनलाईन मागवला होता. बॉक्सवर ठळक अक्षरात "ई20 सेफ रबर", म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये टिकणारं रबर, असं छापलंय म्हणूनच घेतला, नाहीतर दुकानात निम्म्या किमतीत दुसरे कॉक मिळत होते. सुरुवातीला बरा चालला, मग लिव्हर जड व्हायला लागला, मग गाडी पळवताना पेट्रोल कमी पडायला लागलं आणि आता ऑफला ठेवला तरी खाली टपटप चालूच. तक्रार टाकली तर तुमच्याकडून उत्तर आलं की टाकीत गंज असेल, कार्बोरेटर चेक करा, आणि लोकल मेकॅनिकने बसवलाय म्हणून वॉरंटी नाही. पाठवलेले फोटो कोणी उघडून बघितलेत असं त्या उत्तरावरून वाटत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, हे तुमच्या टेक्निकल माणसाला वाचायला द्या ही विनंती.

गाडी 1994 ची आहे, वडिलांनी घेतलेली, रोजच्या वापरातली. हे मॉडेल 1996 ला बंद झालं, त्यामुळे आमच्यासारख्यांना पार्टसाठी तुमच्यासारख्या कंपन्यांवरच विसंबावं लागतं, आणि तुम्हालापण ते माहीत आहे.

आधी पेट्रोल कमी पडण्याचं सांगतो. कागलकडे जाताना हायवेला चौथ्या गियरमध्ये अॅक्सिलेटर पूर्ण दिला की थोड्या अंतरावर गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची, कडेला घेऊन जरा थांबलं की परत चालू, गावातल्या गावात काहीच त्रास नाही. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल संपतंय आणि वरून तेवढ्या वेगाने येत नाहीये हे उघड आहे. मागे ट्रक असताना गाडी अशी अचानक मरते तेव्हा काय होतं ते गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हेच होतं, म्हणून आधी झाकण उघडं ठेवून बघितलं, काही फरक नाही. मग कार्बोरेटरचा पाईप काढून बाटलीत सोडला आणि कॉक ऑनला टाकला, तर धार करंगळीएवढी यायला पाहिजे ती सुतासारखी बारीक, रिझर्व्हला पण तीच गत. ऑनला पेट्रोल टाकीतल्या उंच नळीतून येतं आणि रिझर्व्हला खालच्या भोकातून, त्यामुळे नुसती वरच्या नळीची जाळी चोंदली असती तर रिझर्व्हला धार चांगली आली असती, दोन्हीकडे कमी म्हणजे अडथळा आत, जिथे लिव्हर फिरतो तिथे.

आता गळतीचं. तुम्ही म्हणताय कार्बोरेटर बघा. कार्बोरेटरची सुई खराब असली तर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं हे बरोबर आहे, पण म्हणूनच तर आमच्या मेस्त्रींनी कार्बोरेटर बाजूलाच ठेवला. पाईपचं खालचं टोक बाटलीत, कॉक ऑफ, आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बाटलीत पेट्रोल होतं! पाईप कार्बोरेटरला जोडलेलाच नव्हता, मग यात कार्बोरेटरचा दोष येतो कुठून? ऑफ म्हणजे ऑफ, एक थेंब येता कामा नये.

मग कॉक खोलला. पुढच्या पत्र्याचे दोन स्क्रू, मग स्प्रिंग वायसर, मग लिव्हर, आणि त्याच्या मागे भोकांचं रबरी वायसर. हे वायसर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं, आपल्या खाचेतून वर आलेलं, एका कडेला लाटेसारखं वाकलेलं आणि त्याची भोकं निम्म्याने बारीक झालेली. भोकं बारीक झाली म्हणून धार कमी, वाकल्यामुळे लिव्हरला सपाट टेकत नाही म्हणून ऑफला गळती, आणि फुगून दाबतंय म्हणून लिव्हर जड. तिन्ही तक्रारींचं मूळ ते एक वायसर आहे. बाहेर काढून दोन दिवस कागदावर ठेवलं तर आकसून बरंचसं पहिल्यासारखं झालं. झिजलेलं किंवा गंजाने कापलेलं रबर असं परत आकसत नाही हो, हे पेट्रोल पिऊन फुगलेलं रबर आहे. ओलं असतानाचे आणि वाळल्यानंतरचे, दोन्ही फोटो पट्टी शेजारी ठेवून काढलेत, सोबत जोडलेत.

राहिला गंज. टाकी आतून टॉर्च लावून बघितली, सगळं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फडक्यावर कण नाही, तुमच्या कॉकच्या जाळीवरही नाही. शिवाय माझ्या जुन्या कंपनी फिटिंग कॉकमध्ये इथल्या उद्यमनगरातून व्हिटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) शीटचं त्याच मापाचं वायसर कापून घातलं, टाकी तीच, पेट्रोल तेच, मेस्त्री तेच. ऑफला थेंब नाही आणि ऑनला धार भरपूर. मग बदललं काय, तर फक्त तुमचा कॉक!

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं, आम्हाला निवड नाही. साधं नायट्राईल रबर त्यात फुगू शकतं हे तुमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, व्हिटॉन टिकतं पण महाग पडतं. तुम्हाला साधं रबर घालायचं असेल तर घाला, पण मग बॉक्सवर ई20 लिहू नका. लोक तेच वाचून जास्त पैसे देतात.

आणि हा प्रश्न नुसता पैशांचा नाही. आमची गाडी रात्री जिन्याखाली असते आणि तिथून चार पावलांवर स्वयंपाकघर. पहाटे आईला वास आला म्हणून तिने गॅस पेटवायच्या आधी हाक मारली, बघतो तर फरशीवर इंजिनखाली ओल. त्या दिवशी काही झालं नाही, पण असाच कॉक अजून किती घरांत बसलाय ते तुमच्या बिलबुकात असेल, त्या लोकांना कळवणं तुमचं काम आहे.

मला पूर्ण पैसे आणि कुरिअरचा खर्च परत हवा, बदली पीस नको कारण त्यातही तेच रबर असणार. या बॅचची विक्री थांबवा, आणि कोणतं रबर वापरलंय ते लेखी कळवा. नुसतं वायसर वेगळं विकायला ठेवलंत तर शेकडो लोकांचे चांगले कॉक फेकावे लागणार नाहीत, याचाही विचार करा. बॉक्सवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कुठेच छापलेलं नाही, तेही नियमाला धरून नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला पाहिजे. तोपर्यंत वाट बघेन, नंतर ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पण लागत नाही.

तुमचा कॉक आणि ते वायसर पिशवीत बंद करून ठेवलंय. बिल जोडलंय. कोल्हापुरात तुमचा माणूस असेल तर पाठवा, त्याच्यासमोर बाटली लावून दाखवतो.

आपला ग्राहक,
कोल्हापूर