मोरीतल्या वाळ्यावर मीठ टाकू नका

महोदय,

पावसात बिळांत पाणी शिरले की वाळा हा गांडुळासारखा दिसणारा छोटा साप मोरीत येतो. तो गांडूळ नव्हे आणि नागाचे पिल्लू तर नव्हेच. कृमी-सरडा (गांडुळासारखा दिसणारा, बिळात राहणारा सरपटणारा प्राणी) हाही नव्हे, ते भारतात आढळत नाहीत, शिवाय त्यांच्या अंगावर गांडुळासारखी वळी असतात. वाळा गुळगुळीत, चकचकीत, जेमतेम १०-१५ सेंमी. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो. बिनविषारी. शेपटीचा काटा टोचल्यासारखा वाटतो, पण तो मातीत रेटा घेण्यापुरता. गंमत म्हणजे सगळ्या माद्याच. नराविना अंडी घालतात, म्हणून कुंडीतल्या मातीतून एकटी मादी परदेशी गेली तरी वंश वाढतो. मीठ, फिनेल नको. कोरड्या फरशीवर तो सुकतो. कागदावर घेऊन सावलीतल्या ओलसर, भुसभुशीत मातीत सोडावा.

– एक सर्पअभ्यासक वाचक