किंमत नको, वजन छापा

संपादक महोदय,

एमडी (म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ) विकणाऱ्यांसाठी कडक शिक्षेची तरतूदच नाही, हा आपल्या कालच्या अग्रलेखातला शोध वाचून धन्य झालो. मेफेड्रोन 2015 सालीच एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आले. व्यावसायिक मात्रा, म्हणजे ठरलेल्या वजनापेक्षा जास्त साठा, सापडली तर कलम 22 खाली किमान 10 वर्षे, कमाल 20, दंड एक ते दोन लाख. शिवाय कलम 37 मुळे जामीन दुरापास्त. आणखी किती कडक हवे?

शिक्षा ठरते वजनावर, आणि नेमके तेच आपल्या बातमीत नसते. पैठणला पकडा की तुळजापूरला, मथळा एकच: 'इतक्या कोटींचा साठा'. न्यायालय काही बाजारभाव विचारत नाही. मेफेड्रोनची अल्प मात्रा 2 ग्रॅम, तिला जास्तीत जास्त एक वर्ष. 50 ग्रॅमच्या वर व्यावसायिक. मधल्या पट्ट्यात 10 वर्षांपर्यंत, पण किमान शिक्षा नाही. 3 ग्रॅमवाल्याला किती आणि 45 ग्रॅमवाल्याला किती, हे कायद्यात कुठेच सांगितलेले नाही. शिक्षा ठरवताना काय पाहायचे हे सांगणारे कलम 32-बी आहे, तेही किमानपेक्षा जास्त शिक्षा देतानाचे. अग्रलेख यावर हवा होता!

पंचनाम्यात पिशवीसकट वजन घेतले तर काय होते? पावडर 48 ग्रॅम, पिशवी 3, नोंद 51. आरोपी थेट कलम 37 च्या कचाट्यात. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर कलम 52-ए खाली मालाची यादी आणि नमुने घेण्याची कार्यवाही होताना निव्वळ वजन निघते आणि बचावाच्या वकिलाला आयते कोलीत मिळते. उलट 5 ग्रॅम एमडीत 46 ग्रॅम भेसळ असेल, तर हीरा सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाप्रमाणे 51 च धरायचे. म्हणजे शुद्ध 49 ग्रॅम बाळगणारा मधल्या पट्ट्यात, आणि भेसळवाल्याला किमान दहा वर्षे. हा घोळ समजावण्यापेक्षा 'फाशी द्या' म्हणणे सोपे, हे मान्य.

'बटन'च्या, म्हणजे नशेसाठी विकल्या जाणाऱ्या औषधी गोळ्यांच्या, बातम्यांतही तेच. नुसते 'नशेच्या गोळ्या' काय छापता? नायट्राझेपामची व्यावसायिक मर्यादा 500 ग्रॅम, अल्प्राझोलमची 100. औषधाचे नाव पाकिटावर असते, बातमीदाराने ते वाचावे.

जाता जाता : आपले न्यायालयीन वृत्ताचे पान कोचिंग क्लासच्या जाहिरातींनी कधीच गिळले. ते परत सुरू करा. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, निर्दोष सुटल्याची कुठेच दिसत नाही.

– एक वाचक, परभणी