अर्ज भरून घेता, मग समोरासमोर कधी बसवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या बजेटमध्ये आपण नागरिक पण कामं सुचवू शकतो आणि हे 2006-07 पासून चालू आहे, हे किती पुणेकरांना माहीत आहे कोण जाणे. मला स्वतःला कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आला म्हणून. पाच लाखांच्या आतलं काम सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पसंत पडलं तर पुढच्या बजेटमध्ये येतं. मी लगेच भरला. आमच्या कोपऱ्यावर फूटपाथवर दोन बाकडी हवीत असं लिहिलं, कारण काय तर माझे गुडघे, भाजी घेऊन येताना मध्ये टेकायला लागतं.

पुढे महिन्याभरानं कट्ट्यावर गप्पा चालल्या होत्या तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी म्हणाल्या, मी पण भरलाय की अर्ज, त्याच कोपऱ्याचा, फूटपाथवर काहीही ठेवू नका म्हणून, नातवाची बाबागाडी जात नाही आणि खाली रस्त्यावरून न्यायची म्हणजे जीव मुठीत. आता बोला! एकाच जागेसाठी दोन अर्ज, दोघीही खऱ्या, आणि निर्णय घेणार कोण तर ज्याला माझे गुडघेही माहीत नाहीत आणि तिचा नातूही. आम्ही दोघी तिथे जाऊन उभ्या राहिलो तर लक्षात आलं की पिंपळापाशी फूटपाथ चांगला रुंद आहे, तिथे भिंतीला लावून एक बाकडं बसलं तर गाडी आरामात जाते. दहा मिनिटं पण लागली नाहीत.

मला एवढंच म्हणायचंय की आपल्याकडे लोकांना विचारतात, पण एकेकट्याला विचारतात. हरकती-सूचना मागवतात, अर्ज घेतात, ऑनलाइन फॉर्म असतो, सगळं असतं, फक्त माझं म्हणणं तिला आणि तिचं मला ऐकू येईल अशी सोय नसते. 2013 साली शहराच्या जुन्या हद्दीचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, आला तेव्हा ऐंशी हजारांवर हरकती आल्या होत्या, म्हणजे पुणेकरांना रस नाही असं कोणी म्हणू नये. पण ऐंशी हजार माणसांनी आपापलं गाऱ्हाणं लिहून दिलं म्हणजे चर्चा झाली का? शेवटी तो डीपी राज्य सरकारनं आपल्या हातात घेतला आणि 2017 साली मंजूर केला.

वेताळ टेकडीवरून न्यायचं ठरवलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचंच बघा. सकाळी मी वेताळ टेकडीवर जाते तेव्हा वाटतं या टेकडीला कोणी हात लावू नये, आणि संध्याकाळी लॉ कॉलेज रोडला रिक्षात अर्धा तास अडकले की वाटतं होऊ दे बाई तो रस्ता एकदाचा. म्हणजे भांडणातल्या दोन्ही पार्ट्या माझ्या एकटीतच आहेत! मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली, त्यात चूक काही नाही, पण मोर्चात माणूस एकाच बाजूनं बोलतो, तिथे कोण म्हणणार की माझं अजून ठरत नाहीये. रस्ता झाला तर लॉ कॉलेज रोडची किती गाडी खरंच कमी होईल, टेकडीखालच्या पाण्याचं काय, त्याच पैशात बस किती येतील, हे जाणकारांनी येऊन सांगावं, आम्ही उलटसुलट प्रश्न विचारावेत आणि मग मत द्यावं. उलटसुलट प्रश्न विचारण्यात पुणेकरांना कोणी शिकवायला नको, व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं ऐकली असतील तर कळेल :)

आणि हे काही परदेशातून आणायचं खूळ नाहीये. सार्वजनिक सभा ही संस्था 1870 साली याच शहरात निघाली, सुरुवात पर्वती देवस्थानच्या कारभाराच्या तक्रारीवरून झाली, आणि तिथे सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे बोलायचं तर कोणाच्या वतीनं बोलतोय ते आधी दाखव. गडचिरोलीत मेंढा-लेखाला ग्रामसभा सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसते आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. गावाला ग्रामसभा आहे. शहरासाठी पण कायद्यात क्षेत्रसभा, म्हणजे नगरसेवकानं भागातल्या मतदारांची घ्यायची सभा, लिहून ठेवलीये, पण हा शब्द तरी किती जणांनी ऐकलाय? आपल्याकडे तर 2017 नंतरची महापालिका निवडणूकच थेट जानेवारी 2026 ला झाली, मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. त्या काळात नगरसेवकच नव्हता तर क्षेत्रसभा कुठून आणणार.

नुसती सभा बोलावली तर काय होणार तेही सांगते. माझ्यासारखे रिटायर्ड लोक येणार, सगळ्यात मोठ्या आवाजाचे दोन काका माइक धरून ठेवणार, आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणारी ताई, जी खरं तर फूटपाथ आणि पीएमपीची बस माझ्यापेक्षा दसपट वापरते, ती त्या वेळी चौथ्या घरी पोळ्या लाटत असणार. म्हणून मला आयर्लंडचा प्रकार आवडला. त्यांनी गर्भपातासारखा धगधगता विषय 99 साध्या नागरिकांपुढे ठेवला, माणसं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली पण वय, बाई-पुरुष, प्रदेश बघून, म्हणजे सगळे एकाच छापाचे नकोत. ते कित्येक वीकेंड बसले, डॉक्टर-वकील आणि दोन्ही बाजूंचं ऐकलं, शिफारस केली, आणि मग 2018 ला सगळ्या देशानं मतदान केलं, 66.4 टक्के मतं गर्भपातावरची बंदी उठवायच्या बाजूनं. शेवटचा शब्द मतदारांचाच राहिला हे महत्त्वाचं. चिठ्ठीचं आपल्याला काय नवीन, भिशी चिठ्ठीवर चालते आणि म्हाडाच्या घरासाठी आपण लॉटरीवरच भरवसा ठेवतो ना.

यावर आमचे हे म्हणतात, लोकांना काय कळतंय त्यातलं. अहो, सोसायटीत सोलर बसवायचं होतं तेव्हा पण हेच म्हणत होते, नंतर तीन मीटिंगा झाल्या, लाइट बिलं समोर ठेवली, तेव्हा सगळ्यात आधी विरोध करणारे तळमजल्यावालेच कोटेशनं तपासायला बसले.

तर नवीन नगरसेवकांना विनंती आहे की एका तरी प्रभागात करून बघा. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून तीस-चाळीस माणसं बोलवा, वस्तीतली पण आणि सोसायटीतली पण, ज्याची रोजी बुडणार त्याला दिवसाचे पैसे द्या, वेळ रविवारची ठेवा. यंदा आलेले सगळे अर्ज आणि कशाला किती खर्च येतो तो कागद टेबलावर टाका, इंजिनिअर साहेबांना बसवा. जे ठरेल ते मान्य नसेल तर का नाही ते लेखी कळवा, नुसतं 'नोंद घेतली' नको.

जागेची अडचण असेल तर आमच्या सोसायटीचा हॉल आहे, चाळीस खुर्च्या आहेत आणि चहाचं मी बघते.

आपली,
एक जुनी वाचक, कर्वेनगर, पुणे