उतारा कुठला ते पोरांना ठरवू द्या की

संपादक साहेब,
माझा मुलगा सहावीत, 'उतारा वाचून उत्तरे लिहा' मध्ये पैकीच्या पैकी, पण वाचलं काय ते विचारलं तर ढिम्म, कारण प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं एवढंच शिकलाय (क्लासमध्ये हीच ट्रिक सांगतात!). तोच पोरगा क्रिकेटची बातमी वाचून कॅप्टनचं काय चुकलं यावर माझ्याशी अर्धा तास भांडतो, मग त्याला समजत नाही कसं म्हणायचं? १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला वर्गात सगळ्यांना एकच पुस्तक वाचायला लावलं. चार-पाच ठेवा ना, निवडू दे, अर्धवट सोडलं तरी ओरडू नका. १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे, एकदा तिकडे तरी न्या.

- एक पालक, नौपाडा, ठाणे